स्क्रिप्ट इंजिनातील मेमरी करप्शन

वेब ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या भागाचा मेमरीचा हिशेब चुकल्याने उद्भवणारा सुरक्षादोष. क्रोमचे व्ही८, फायरफॉक्सचे स्पायडरमंकी व सफारीचे जावास्क्रिप्टकोअर ही प्रमुख इंजिने मुख्यतः सी++ भाषेत असून तीत मेमरी सांभाळणे प्रोग्रॅमरकडेच असते.

‘यूज-आफ्टर-फ्री’ हा जुना प्रकार. कुळाने शेत सोडले, ते दुसऱ्याला लागले, तरी एक-चौदाच्या उताऱ्यावर (गोव्यातील जमिनीच्या नोंदीवर) जुनेच नाव राहिले आणि त्या जोरावर पहिल्याने पुन्हा नांगर घातला, तसे हे होते: मोकळी केलेली मेमरी जुन्याच संदर्भाने पुन्हा वापरली जाते. ‘टाइप कन्फ्यूजन’मध्ये एका प्रकारची वस्तू दुसऱ्या प्रकारची समजली जाते. वेगासाठी जेआयटी कंपायलर (कोड चालतानाच त्याचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा भाग) वस्तूच्या प्रकाराचा अंदाज बांधून तपासण्या गाळतो. तो अंदाज चुकला की हा दोष संभवतो. फायरफॉक्समधील सीव्हीई-२०१९-१७०२६ (सीव्हीई म्हणजे ज्ञात सुरक्षादोषांच्या सार्वजनिक यादीतील क्रमांक) याच जातीचा. तो जानेवारी २०२० मध्ये दुरुस्त झाला.

अशा दोषांचा फायदा घेण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ‘हीप स्प्रे’ तंत्राच्या उगमाबद्दल मतभेद आहेत. काही जण २००१ च्या सुमारास सर्व्हरवर झालेल्या हल्ल्यांत त्याचे मूळ पाहतात. इतर जण इंटरनेट एक्सप्लोररच्या आयफ्रेम दोषावर ‘स्कायलाइन्ड’ या टोपणनावाने २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कोडला मान देतात. सर्व्हरवरील हल्ल्यांत पाहुण्याची स्क्रिप्ट आत चालत नव्हती. ब्राउझरपुरते बोलायचे तर २००४ हेच साल अधिक सयुक्तिक वाटते. तंत्राचे नाव मात्र गोमंतकीय बागायतदाराला सहज उमगावे. कोळेरोग कोणत्या घोसाला लागेल हे ठाऊक नसल्याने पावसाच्या तोंडावर कुळागरातल्या सगळ्याच पोफळींवर बोर्डो मिश्रण मारतात. हल्लेखोरही नेमका पत्ता ठाऊक नसल्याने मेमरीभर आपल्या कोडच्या प्रती पसरतो. पुढे मेमरीतील पत्त्यांचा अवकाश ६४ बिटांचा, म्हणजे प्रचंड मोठा, झाल्यावर ही सरधोपट फवारणी पुरेनाशी झाली.

गोव्यात २०१० पासून भरत आलेल्या ‘नलकॉन’ परिषदेमुळे सुरक्षा संशोधकांच्या वर्तुळात राज्याचे नाव परिचित आहे.

इंटरनेट एक्सप्लोरर ११ मध्ये जेस्क्रिप्ट९ हे नवे इंजिन असूनही जुन्या पानांच्या सोयीसाठी जेस्क्रिप्टही ठेवले होते. सीव्हीई-२०२०-०६७४ हा दोष त्या जुन्या इंजिनातला. जानेवारी २०२० मध्ये तो जाहीर झाला तेव्हा हल्ले सुरू झालेले होते, दुरुस्ती फेब्रुवारीत आली. १५ जून २०२२ रोजी हा ब्राउझर निवृत्त झाला, पण त्याची इंजिने विंडोजमध्ये राहिली. ऑगस्ट २०२४ मध्ये जेस्क्रिप्ट९ मधील सीव्हीई-२०२४-३८१७८ दुरुस्त करावा लागला.