सर जॉन स्ट्युअर्टचा वंश: सनदा, मुद्रा आणि वाय गुणसूत्र

लाळेचा नमुना पाठवा, तुमचा पूर्वज मध्ययुगातला कोणता सरदार होता ते सांगतो, अशा जाहिराती हल्ली सर्रास दिसतात. त्यामागचे खरे विज्ञान जाहिरातीपेक्षा कितीतरी देखणे आहे. ते समजून घ्यायला एकच माणूस पुरतो: स्कॉटलंडचा नाइट सर जॉन स्ट्युअर्ट ऑफ बोंकिल. २२ जुलै १२९८ रोजी फॉल्कर्कच्या लढाईत इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डशी लढताना, तिरंदाजांच्या तुकडीचे नेतृत्व करत असताना तो मारला गेला.

अशा माणसाचे कुटुंब शोधायचे कुठे? जन्म-मृत्यूच्या नोंदी तेव्हा नव्हत्याच. स्कॉटलंडमधली आज उपलब्ध असलेली सर्वांत जुनी चर्चनोंद १५५३ सालची आहे. तेराव्या शतकातला माणूस कागदावर येतो तो जमीन देता-घेताना, मठाला दान देताना किंवा कोणा राजापुढे शरण जाताना. जुलै १२९७ मध्ये अर्व्हाइनला काही स्कॉटिश सरदार एडवर्डच्या सैन्याला शरण गेले. तिथल्या दस्तऐवजात आपला सर जॉन आहे, पण आडनावाने नाही, ‘स्ट्युअर्डचा भाऊ जॉन’ असा. थोरला भाऊ जेम्स हा राज्याचा वंशपरंपरागत प्रमुख कारभारी होता आणि त्या पदाचे आडनाव अजून पुरते रुळले नव्हते. म्हणून नुसते आडनाव धरून शोधणाऱ्याच्या हाती हा जॉन लागतच नाही.

कागदाइतकीच बोलकी असते मेणाची मुद्रा. स्ट्युअर्ट घराण्याच्या ढालीवर चौकड्यांचा आडवा पट्टा असे. सर जॉनने बोंकिल जहागिरीची वारसदार मार्गारेट हिच्याशी लग्न केले. पुढे या शाखेच्या मुद्रांवर त्या चौकड्यांवरून तिरका जाणारा, बकले कोरलेला दुसरा पट्टा दिसतो, तो मार्गारेटच्या घरचा. कागदावर नाते लिहिलेले नसले तरी मुद्रा बाप कोणत्या घरचा आणि आई कोणत्या घरची ते सांगते. दुर्दैवाने असे बरेच साहित्य नष्ट झाले. क्रॉमवेलच्या काळात लंडनला नेलेली स्कॉटिश दफ्तरे १६६० मध्ये परत येत असताना एलिझाबेथ नावाचे जहाज वादळात बुडाले आणि पिंपेच्या पिंपे भरलेले कागद समुद्रात गेले.

शिवाय कागद फक्त एवढेच सांगतो की लोक कोणाला बाप मानत होते. खरा बाप कोण, हे वाय गुणसूत्र सांगते. ते फक्त बापाकडून मुलाकडे जाते आणि त्याचा बहुतेक भाग दुसऱ्या कोणत्याही गुणसूत्राशी देवाणघेवाण करत नाही. पोथी नकलून घेताना लेखनिकाच्या हातून एखादे अक्षर चुकावे आणि त्या प्रतीवरून केलेल्या प्रत्येक नकलेत ती चूक उतरावी, तसे इथे घडते. वाय गुणसूत्राचा खात्रीने वाचता येणारा डीएनएच्या साधारण एक कोटी अक्षरांचा भाग घेतला, तर सरासरी शंभर-सव्वाशे वर्षांत त्यात एक नवा बदल होतो. म्हणजे तीन-चार पिढ्यांमागे एक.

आता मुख्य युक्ती. जॉनच्या दोन वेगवेगळ्या मुलांपासून, केवळ पुरुषांकरवी, आजपर्यंत आलेले दोन वंशज घ्या. दोघांच्या वायवर तोच एक बदल असेल, तर तो दोन्ही मुलांना बापाकडूनच मिळाला असणार. तेव्हा जॉनकडे तो होता. आता थोरल्या भावाच्या, जेम्सच्या वंशजाकडे पाहा. त्याच्याकडे तो बदल नसेल, तर दोघा भावांच्या बापाकडेही तो नव्हता. याचा अर्थ तो बदल जॉनच्या गर्भधारणेच्या वेळीच घडला. शेकडो वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाचे एकही हाड न उकरता त्याच्या गुणसूत्रातले एक अक्षर असे निश्चित करता येते! अशा बदलांना संशोधक क्रमांकाची नावे देतात. एल७४५ ही खूण दोन्ही भावांच्या शाखांत आढळते, तर एस७८१ ही खूण संशोधक सर जॉनच्या शाखेशी जोडतात. ही मांडणी मात्र सर्वस्वी कागदावर उभी आहे. कोणता वंशज कोणत्या मुलाचा, हे सनदांनी सांगितल्याशिवाय एस७८१ हे निनावी अक्षरच राहते.

जॉनचा मुलगा अॅलन १३३३ मध्ये हॅलिडन हिलच्या लढाईत पडला. त्याच्या शाखेतून डार्नलीचे स्ट्युअर्ट आले आणि त्यांच्यातल्याच लॉर्ड डार्नलीने १५६५ मध्ये स्कॉटलंडच्या मेरी राणीशी लग्न केले. त्यांचा मुलगा सहावा जेम्स १६०३ मध्ये इंग्लंडचाही राजा झाला. म्हणजे जेम्सला गादी मिळाली आईमुळे, पण त्याचे वाय गुणसूत्र आले फॉल्कर्कला पडलेल्या सर जॉनकडून. त्याचा नातू दुसरा चार्ल्स. मॉन्मथचा ड्यूक हा या चार्ल्सचा अनौरस मुलगा, पण तो दुसऱ्याच कोणाचा असावा अशी कुजबुज त्याच्या हयातीतच होती. २०१२ मध्ये मॉन्मथच्या थेट पुरुष-वंशजाची चाचणी झाली आणि त्याचे वाय गुणसूत्र दूरच्या एका स्ट्युअर्ट भाऊबंदाशी जुळले. तीन शतकांची कुजबुज त्या चाचणीने जवळपास मिटवली.

यावरून ‘राजरक्त’ आणि ‘रक्तातले शौर्य’ विकणाऱ्यांचे मात्र ऐकू नये. एस७८१ हा एका अक्षराचा बदल आहे, त्यातून ना तलवार चालवता येते ना राज्य. पंचवीस पिढ्या मागे गेले की वंशवृक्षात सव्वातीन कोटींहून अधिक जागा तयार होतात आणि वाय गुणसूत्र त्यातल्या एकाच जागेचा माग देते. त्या काळी स्कॉटलंडची लोकसंख्या फार तर दहा लाख असेल. त्यामुळे तेच ते पूर्वज अनेक जागी येतात आणि ज्याचा वंश पुढे टिकला तो सरदार आजच्या बहुतेक स्कॉटिश लोकांचा पूर्वज ठरतो.

उलट, आडनाव स्ट्युअर्ट असलेल्या अनेकांकडे ही खूण नाही. जहागीरदाराचे आडनाव कुळांनी घेणे तिथे नेहमीचे होते. अशा स्ट्युअर्टाचाही सर जॉन पूर्वज असू शकतो, फक्त एखाद्या लेकीकडून. तो दुवा वाय गुणसूत्रात सापडणार नाही. तो शोधायचा तर लग्नाचे करार आणि लेकीला दिलेल्या जमिनींच्या सनदाच वाचायला हव्यात.