दोन चुकांमधून एक अचूक कोन

टेबलावर निपचित पडलेला मोबाइल तासाभरात एक पूर्ण कोलांटी घेतो, निदान त्याच्यातल्या गायरोस्कोपच्या हिशेबाने. सिलिकॉनवर कोरलेला, सतत थरथरणारा एक सूक्ष्म भाग म्हणजे हा गायरोस्कोप. फोन वळला की कोरिऑलिस परिणामामुळे तो भाग किंचित बाजूला सरकतो आणि त्यावरून वळण्याचा वेग कळतो. कोन हवा असेल, तर हा वेग क्षणाक्षणाला बेरजेत मिळवत जावं लागतं. वाचनात सेकंदाला ०.१ अंशाची कायमची चूक असली, तर ती मिनिटात ६ अंश आणि तासात ३६० अंश होते.

शेजारीच वेगातला बदल मोजणारा अ‍ॅक्सेलरोमीटर असतो. त्याला गुरुत्व जाणवतं, त्यामुळे ‘खाली’ कुठे आहे हे तो तासाभरानंतरही नीट सांगतो. पण हात हलला की गुरुत्व कुठलं आणि हिसका कुठला, हे त्याला वेगळं करता येत नाही. एकाची चूक संथ, साचत जाणारी. दुसऱ्याची चपळ, पण लगेच विरणारी. दोघे एकाच तऱ्हेने चुकत असते, तर त्यांना एकत्र आणून फारसं काही साधलं नसतं.

सगळ्यात साधी रीत अशी: मागच्या कोनात गायरोने सांगितलेला बदल मिळवायचा, त्याचे ९८ टक्के घ्यायचे, अ‍ॅक्सेलरोमीटरच्या कोनाचे २ टक्के त्यात घालायचे आणि हे सेकंदाला १०० वेळा करायचं. मग साधारण अर्ध्या सेकंदाहून जलद हालचालीत गायरोचा शब्द चालतो, संथ बदलांत अ‍ॅक्सेलरोमीटरचा. दोनचार गुणाकार-बेरजांचं हे काम स्वस्तातला मायक्रोकंट्रोलरही सहज करतो. (सपाट टेबलावरच्या गिरकीत मात्र ‘खाली’ बदलतच नाही, तिथे चुंबकीय संवेदक लागतो.)

९८ आणि २ ही वाटणी कायम का ठेवायची? हंगेरीत जन्मलेल्या रुडॉल्फ काल्मान यांनी १९६० साली मांडलेल्या गणितात ती प्रत्येक पावलाला नव्याने ठरते: ज्या वाचनाची अनिश्चितता कमी, त्याचं वजन जास्त. नासाच्या एम्स केंद्रातल्या स्टॅन्ली श्मिट यांनी हे गणित चंद्रमोहिमेच्या दिशादर्शनासाठी हाती घेतलं. अपोलोच्या संगणकाची बदलती स्मृती अवघ्या २०४८ शब्दांची (शब्द म्हणजे एक आकडा मावणारा कप्पा) होती आणि शब्दही आखूड. एवढ्या कमी अंकांत आकडेमोड करताना अनिश्चितता ऋण निघण्याचा धोका असतो, जे अर्थातच अशक्य आहे. एमआयटीतल्या जेम्स पॉटर यांनी तिच्याऐवजी तिचं वर्गमूळच साठवायची युक्ती काढली. वर्ग कधी ऋण होत नाही, शिवाय निम्म्या अंकांत तेवढीच अचूकता मिळते. तुटपुंज्या साधनांतून निघालेली इतकी देखणी युक्ती मला तरी दुसरी आठवत नाही.

प्रत्यक्ष यंत्रात घाम फोडते ती मात्र वेळ. गाडीचं ठिकाण काढताना जीपीएसचीही जोड घेतात: गायरो सेकंदाला हजारदा बोलतो, जीपीएस एकदा ते दहादा, आणि तेही उशिरा. ताशी ७२ किलोमीटर वेगाने जाणारी गाडी ०.१ सेकंदात २ मीटर पुढे गेलेली असते. जीपीएसचं शिळं उत्तर ‘आत्ताचं’ मानलं, तर उत्तम गणितही गाडी २ मीटर मागे दाखवेल. म्हणून प्रत्येक वाचनावर ते घेतलं त्या वेळेचा शिक्का मारतात आणि गेल्या काही क्षणांच्या नोंदी एका छोट्या चक्राकार बफरमध्ये (सर्वांत जुनी नोंद पुसून नवी लिहिणाऱ्या साठ्यात) जपून ठेवतात. उशिरा आलेलं वाचन त्याच्या खऱ्या क्षणी नेऊन दुरुस्ती करतात आणि तिथून पुढचा हिशेब आत्तापर्यंत पुन्हा मांडतात, गायरोचं पुढचं वाचन येण्याच्या आत.