फादरांना नावाने हाक मारणं ही 'ढिलाई' नव्हे

'पूर्वी कॅथलिक लोक धर्मगुरूला आडनावानेच हाक मारत. फादरच्या पुढे पहिलं नाव लावायची ढिलाई दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (चर्चमध्ये मोठे बदल करणारी बिशपांची सभा, १९६२-६५) आली,' असं फार खात्रीने सांगितलं जातं. ते खरं नाही.

हवाईतल्या मोलोकाई बेटावर कुष्ठरुग्णांची सेवा करता करता १८८९ मध्ये स्वतः त्याच रोगाने वारलेले फादर डेमियन घ्या. त्यांचं आडनाव द वूस्टर. त्या नावाने त्यांना किती जण ओळखतात? डेमियन हे व्रत घेताना मिळालेलं नाव, तेच जगाच्या ओठी बसलं. इटलीतले संत पाद्रे पिओ यांचंही तसंच. फॉरजोने हे आडनाव मागेच राहिलं. इटलीत धर्मगुरूला 'डॉन' म्हणतात आणि पुढे बहुधा नावच येतं. पण डॉन बॉस्को म्हणताना मात्र आडनाव! म्हणजे तिथेही एकच एक नियम नाही.

आपल्याकडे ख्रिस्तपुराणकार फादर स्टीफन्स आडनावाने ओळखले जातात. इंग्लंडमध्ये तर एकोणिसाव्या शतकापर्यंत धर्मप्रांतीय (म्हणजे स्थानिक बिशपच्या हाताखालच्या) धर्मगुरूंना साधं 'मिस्टर' म्हणत. 'फादर' ही हाक मुख्यतः संघीय, म्हणजे व्रत घेऊन एखाद्या धर्मसंघात राहणाऱ्या, धर्मगुरूंसाठी होती.

मला सर्वात बोलका वाटतो तो मिस्साचा, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेचा, पुरावा. वेदीवरच्या प्रार्थनेत पोप आणि स्थानिक बिशप यांचा उल्लेख नुसत्या नावाने होतो, आडनाव नाहीच. तिथे कुणाला अनादर वाटत नाही. मग अंगणात आलेल्या फादरांना आजीने प्रेमाने नावाने हाक मारली, तर तिला टोकू नका.