टाइल्स फोडण्याआधी : शॉवरची गळती नेमकी कुठून?

खालच्या मजल्यावरचे काका जिना चढून येतात, "तुमच्या बाथरूमचं पाणी आमच्या छतातून टपकतंय" म्हणतात, आणि दोन दिवसांत कुणीतरी छिन्नी-हातोडा घेऊन टाइल्स फोडायला बसतो. आमचं म्हणणं एवढंच की फोडाफोड सगळ्यात शेवटी. छताला ओल दिसते त्याच्या बरोब्बर वर गळती असेल असं नाही. बाथरूमचा स्लॅब बऱ्याचदा 'संकन' असतो, म्हणजे खाली उतरवलेला, आणि त्यात विटांच्या तुकड्यांचा कोबा भरलेला. पाणी त्या कोब्यातून फिरत फिरत जातं आणि सापडेल त्या फटीतून खाली उतरतं.

दिवसभर टपकतं, की आंघोळीनंतरच?

पाणी वापरा न वापरा, थेंब एकाच चालीने पडत असतील तर दाबाच्या लाइनवर, म्हणजे नळांना पाणी पुरवणाऱ्या, कायम भरलेल्या पाइपावर संशय घ्या. रात्री झोपताना बाथरूमचा मेन कॉक बंद करा. सकाळी थेंब मंदावलेले दिसले तर लाइनच गळतेय. मग एक दिवस फक्त गिझरचा इनलेट कॉक बंद ठेवून बघा, म्हणजे गरम लाइन की गार तेही कळेल. जुन्या इमारतींतले जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) पाइप आतून गंजत जातात, आणि बहुधा गरम पाण्याचा आधी जातो.

आंघोळीनंतरच टपकत असेल तर गंमत वेगळी. डायव्हर्टरपासून (पाणी नळाकडून शॉवरकडे वळवणाऱ्या कॉकपासून) वर शॉवरकडे जाणाऱ्या पाइपात शॉवर चालू असतानाच पाणी असतं. त्यामुळे वरच्या रात्रीच्या चाचणीत हा पाइप निर्दोष सुटतो! त्याच्यासाठी पिशवीची चाचणी करा. शॉवरला जाड प्लॅस्टिकची पिशवी घट्ट बांधा, तळाला भोक पाडून ते टोक बादलीत सोडा आणि दहा-पंधरा मिनिटं शॉवर चालवा. बादली भरली की बाहेर नेऊन ओता. भिंत कोरडी, फरशी कोरडी, तरी खाली थेंब पडले तर दोष भिंतीतल्या पाइपात किंवा शॉवर आर्मच्या, म्हणजे भिंतीतून बाहेर येऊन शॉवर धरणाऱ्या नळीच्या जोडात.

हा आर्मचा जोड आम्हाला वारंवार सापडतो. एका घरी अख्खी फरशी नवी करून झाली होती, तरी खाली टपकणं सुरूच. आर्मच्या मुळाशी असलेली गोल चकती मागे सरकवली तर आतलं प्लॅस्टर बोटाने निघत होतं, इतकं भिजलेलं. आर्म काढला, आटे ब्रशने घासले, नवी टेफ्लॉन टेप आट्यांच्या दिशेने दहा-बारा वेढे गुंडाळली आणि परत बसवला. काम अर्ध्या तासाचं. हे घरी करणार असाल तर एक सांभाळा: आर्म आवळल्यावर तो वाकडा दिसला म्हणून उलटा फिरवून सरळ करू नका. टेप सैल होते आणि जोड पुन्हा गळतो. सरळ करायचाच तर पुढे फिरवून, नाहीतर काढून नव्या टेपने. फार ताकदही लावू नका, भिंतीतला सीपीव्हीसी एल्बो (प्लॅस्टिक पाइपाचं कोपर) तडकला तर मग खरंच टाइल्स फोडाव्या लागतील.

पिशवीच्या चाचणीत काही निघालं नाही तर नहाणी ट्रॅप, म्हणजे फरशीवरचं पाणी वाहून जातं ते जाळीखालचं भांडं बघा. जाळी काढून पाइपने थेट ट्रॅपमध्ये दोन बादल्या पाणी सोडा, फरशी भिजू न देता. लगेच टपकलं तर ट्रॅपचा जोड. नाहीतर ट्रॅपमध्ये ओला फडका कोंबून फरशीवर इंचभर पाणी २४ तास साठवा. उंबरठ्याबाहेर जाणार नाही एवढं बघा. आता खाली ओल वाढली तर टाइल्सच्या सांध्यांतलं ग्राउट (फटी भरणारा मसाला) किंवा खालचं वॉटरप्रूफिंग गेलंय. पाण्यात खायचा रंग टाकतात, पण कोब्यात रंग अडकतो. खाली रंग उतरला नाही म्हणून निश्चिंत होऊ नका.

सांध्यांवर व्हाइट सिमेंट फासून देणारे पुष्कळ भेटतील. फरशीचे सांधे मोकळे झाले असतील तर ते खरवडून एपॉक्सी ग्राउट भरणं बरं. पाइप गळत असेल तर दोन्हींचा उपयोग शून्य.

शॉवर बंद केल्यावर मिनिटभर पडणारे थेंब म्हणजे त्यात उरलेलं पाणी, घाबरू नका. थांबतच नसतील तर डायव्हर्टरचं कार्ट्रिज (आतला पाणी उघड-बंद करणारा भाग) किंवा स्पिंडलचा (कॉकच्या फिरत्या दांड्याचा) वॉशर बदलावा लागेल.

दुरुस्तीनंतरही कोब्यात साठलेलं पाणी आठ-दहा दिवस झिरपत राहू शकतं. खालच्या शेजाऱ्यांना हे आधीच सांगून ठेवा, आणि छत पूर्ण सुकेपर्यंत त्यांना पुट्टी-रंग करू देऊ नका, पोपडे परत येतील. खर्चाचं म्हणाल तर सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत संडास, सिंक वगैरेंच्या अंतर्गत गळतीचा खर्च संबंधित सदनिकाधारकाने करायचा असं आहे.

आम्ही तपासायला येऊ त्या दिवशी सकाळपासून बाथरूम कोरडं ठेवा आणि खालच्या घरी कुणीतरी असेल एवढं बघा, कारण आमचा एक माणूस वर आणि एक खाली छताकडे बघत उभा असतो. आणि माळ्यावर बिल्डरने दिलेल्या जुन्या टाइल्स पडल्या असतील तर शोधून ठेवा. तो रंग आता दुकानात मिळत नाही.