‘जबाबदारी कंपनीची’ म्हणजे विमा नव्हे

घर हलवताना एक समज वर्षानुवर्षं चालत आला आहे: सामान हलवणाऱ्या कंपनीच्या कोटेशनवर ‘जबाबदारी कंपनीची’ लिहिलं की सामानाचा विमा आपोआप झाला. तसं नसतं, आणि या गैरसमजापायी लोकांचं खरोखर नुकसान होतं.

वाहतूकदाराची जबाबदारी ही बहुतेकदा मर्यादित असते. पुष्कळ करारांत ती वस्तूच्या किमतीवर नव्हे, तर वजनावर मोजतात. म्हणजे 2 किलोचा लॅपटॉप आणि 2 किलोची कढई, दोन्हींची भरपाई सारखीच! ट्रान्झिट विमा, म्हणजे वाटेत होणाऱ्या नुकसानीचा विमा, वेगळा असतो. त्याचा हप्ता वेगळा, आणि कागद विमा कंपनीचा. तो कागद हातात नसेल तर विमा झालाय असं धरून चालू नका.

विमा असला तरी सामान उचलताना वाहतूकदार बनवतो ती सामानाची यादी नीट वाचा. खोक्यापुढे ‘पीबीओ’ लिहिलं असेल तर ते मालकाने स्वतः भरलेलं; बाहेरून खोका धड असेल तर आतल्या फुटलेल्या कपबशांचा दावा सहसा नाकारला जातो. ‘सीपी’ म्हणजे कंपनीच्या माणसांनी भरलेलं. ‘एससी’ म्हणजे आधीच ओरखडा असलेलं. तुमच्या कोऱ्या कपाटापुढे ‘एससी’ दिसलं तर सही करण्याआधीच ते खोडायला लावा, संकोच करू नका.

उतरवतानाही तेच. तुटफूट दिसली की पोच पावतीवर लगेच लिहा आणि फोटो काढा. दाव्याची मुदत करारात दिलेली असते.