सशाचं गवत आगोटीत भरू नका

मिरच्या, सुके मासे, कांदे, सगळं पावसाआधी मे महिन्यात आगोटी म्हणून भरून ठेवायची आपली सवय, त्यामुळे सशाचं गवतही एकदम पाच किलो घेऊन टाकू असं वाटणारच. पण जुलै उजाडला की तीच पिशवी परत दुकानात येते, "तुम्ही बुरशीचं गवत दिलंत" म्हणत. दरवर्षी हेच, म्हणून हे पत्रक.

गवत देताना कोरडंच असतं हो. तुम्ही पिशवी उघडता, मूठभर काढता, गच्च गाठ मारता, असं दिवसातून दोनदा, आणि दर वेळी पावसाळी दमट हवा आत शिरून प्लास्टिकमध्ये कोंडते. वरून हिरवं दिसतं पण मधे हात घातला की ओलसर, कुबट. ते उन्हात घालून पण देऊ नका, बुरशीचं विष उन्हाने जात नाही. फोडलेली पिशवी आम्ही परत घेत नाही यावर काहीजण रागावतात, पण मग ती दुसऱ्याच्या सशाला विकायची का?

पावसाळ्यात अर्धा किलोच न्या. दोन किलोच्या सशाला साधारण आठवडाभर पुरतं. घरी कापडी पिशवीत किंवा पुठ्ठ्याच्या खोक्यात, जमिनीपासून वर, भिंतीला न टेकवता ठेवायचं. बाकीचा साठा कोरडा ठेवायची कटकट आमची, दर शनिवारी येऊन ताजं घेऊन जा, आधी सांगितलंत तर बाजूला काढून ठेवतो.

निवडताना आधी वास घ्या, गोडसर यायला हवा. मग मूठभर झटका, धूळ उडाली तर नको. रंग हिरवट असावा. आपल्या सड्यावरचं, म्हणजे कातळाच्या माळावरचं, गवत दिवाळीनंतर कापतात तेव्हा बी गळून ते पिवळं पडलेलं असतं, गुरांना चालतं, सशाला त्यात फारसा कस नाही. आणि आंब्याच्या पेटीतला पेंढा तर अजिबात नको, तो कुठून आला, त्यावर काय फवारलं, कोणाला माहीत. (हो, देणारे आहेत.)

टिमोथी महाग का, तर ते थंड प्रदेशातलं गवत, परदेशातून येतं. परवडत नसेल तर ओटचं वाळलेलं गवत घ्या, आमच्या घरचे दोन ससे त्यावरच आहेत. लसूणघास मात्र सहा महिन्यांपर्यंतच्या पिल्लांना, मोठ्या सशाला रोज दिलं तर कॅल्शियम जास्त होऊन लघवीत खडूसारखा गाळ येतो.

दात आयुष्यभर वाढत असतात, ते झिजतात गवत चावूनच, त्यामुळे पेलेट (तयार खाद्याचे दाणे) कितीही आवडीने खाल्ले तरी गवत दिवसभर समोर हवं. गिनीपिगलाही हेच गवत, वर व्हिटॅमिन सी साठी रोज ढोबळी मिरचीचा तुकडा. आणि ससा दहा-बारा तास काहीच खात नसेल तर गवत बदलायला आमच्याकडे येऊ नका, थेट जनावरांच्या डॉक्टरकडे जा.