केंटे आणि वॅक्स प्रिंट: एकाच नावाखाली विकली जाणारी दोन कापडे

लंडन, पॅरिस किंवा न्यूयॉर्कमधल्या दुकानांत ठसठशीत रंगांचे, मोठ्या नक्षीचे कोणतेही कापड ‘आफ्रिकन प्रिंट’ म्हणून विकले जाते आणि त्यात केंटे व वॅक्स प्रिंट या दोन सर्वस्वी भिन्न कापडांची सरमिसळ होते. केंटे हे मुळात छापील कापडच नव्हे. घानातील असांते आणि एवे विणकर अरुंद मागावर साधारण १० सेंटिमीटर रुंदीच्या लांबलचक पट्ट्या विणतात आणि त्या कडेला कड जोडून शिवल्यावर अंगावर पांघरण्याजोगे वस्त्र तयार होते. वॅक्स प्रिंटमध्ये तयार सुती कापडाच्या दोन्ही बाजूंवर यंत्राने राळ छापतात व मग ते रंगवतात. राळेला तडे गेलेल्या जागी रंग झिरपून बारीक रेषा उमटतात आणि त्या रेषाच या कापडाची खूण ठरतात.

पैठणी घेताना जसा पदर उलटून पाहावा, तसे इथेही कापड उलटून पाहावे. पट्ट्यांचे शिवलेले जोड हाताला लागले तर ते केंटे. दोन्ही बाजूंना रंग सारखाच गडद असेल आणि जोड नसतील तर ते बहुधा वॅक्स प्रिंट. उलटी बाजू फिकट असेल तर ते एका बाजूने छापलेले स्वस्त कापड, आणि परदेशात केंटे म्हणून खपणारे पुष्कळसे कापड याच तिसऱ्या प्रकारचे, म्हणजे केंटेच्या नक्षीचे छापील अनुकरण असते.

वॅक्स प्रिंट ‘खरे आफ्रिकी नाही’, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. जावातील बाटिकची, म्हणजे मेण लावून रंगवलेल्या कापडाची, नक्कल करण्याच्या खटपटीतून ते युरोपात घडले, नेदरलँड्समधील हेल्मंड येथे १८४६ मध्ये सुरू झालेली व्हलिस्को ही त्यातली सर्वांत नावाजलेली कंपनी आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याला खरे गिऱ्हाईक गोल्ड कोस्टवर, म्हणजे आजच्या घानात, मिळाले, हे सर्व खरेच आहे. परंतु असांते विणकरही परदेशातून आलेले रेशमी कापड उसवून त्याचे धागे केंटेत विणत असत, त्यामुळे निव्वळ उगमाच्या कसोटीवर हा वाद सुटत नाही. टोगोची राजधानी लोमे येथील ‘नाना बेन्झ’ म्हणून प्रसिद्ध असलेल्या व्यापारी स्त्रियांनी नक्षींना नावे दिली, कोणती नक्षी चालेल हे ठरवले, आणि नवऱ्याला किंवा सवतीला द्यायचा टोमणाही लुगड्यावरून देता येऊ लागला.

नावे केंटेलाही असतात आणि ती राजकारणाबरोबर बदलतात. घानाचे स्वातंत्र्यनेते व राष्ट्रप्रमुख क्वामे एन्क्रुमा यांचा विवाह इजिप्तच्या फातिया यांच्याशी झाल्यानंतर एका नक्षीला ‘फातिया एन्क्रुमाला शोभते’ अशा अर्थाचे नाव मिळाले. १९६६ च्या लष्करी उठावात एन्क्रुमांची सत्ता गेली, तेव्हा त्याच नक्षीचे नाव ‘एकट्याने राष्ट्र चालत नाही’ असे झाले.

ही बारकाई समुद्रापार मात्र फारशी पोहोचली नाही. एन्क्रुमा १९५८ मध्ये केंटे पांघरून अमेरिकेत वावरले आणि पुढे पदवीदान समारंभात गळ्यात केंटेची पट्टी घालण्याची प्रथा कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांत रुजली. गुलामगिरीमुळे पूर्वजांचे गाव कोणते हेच ज्यांना ठाऊक नाही, त्यांना केंटे हे एका राज्याचे नव्हे तर सबंध खंडाचे वस्त्र म्हणून जवळचे वाटले, आणि त्यात काही गैर आहे असे मला वाटत नाही. जून २०२० मध्ये जॉर्ज फ्लॉइड यांच्या हत्येनंतर अमेरिकी काँग्रेसमधील डेमोक्रॅट सदस्यांनी केंटेच्या पट्ट्या घालून गुडघे टेकले, तेव्हा टीका झाली ती या वस्त्राचा दिखाऊ वापर झाला म्हणून.

वॅक्स प्रिंटची वाट वेगळी आहे. ते नायजेरियातील लागोस किंवा घानाची राजधानी आक्रा येथून अलीकडच्या पिढ्यांत स्थलांतरित झालेल्यांच्या सामानातून आले. लग्नाला सगळ्या नातलगांनी एकाच नक्षीचे कपडे शिवून घ्यायचे, ही रीतही त्यांनी सोबत आणली. लंडनमध्ये जन्मलेले आणि लागोसमध्ये वाढलेले कलावंत यिंका शोनिबारे यांनी याच कापडाचे व्हिक्टोरियन थाटाचे पोशाख शिवून मस्तकहीन पुतळ्यांना चढवले, आणि त्यासाठीचे कापड त्यांना लंडनमधील ब्रिक्स्टनच्या बाजारातच मिळाले.